रानातली दांडगाई

उंदराला रस्त्यात एक फडकं सापडतं. धोब्याकडून तो ते धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून त्याची गोंडेदार टोपी शिवून घेतो आणि ढोलकं बडवत थेट राजवाड्यासमोर जाऊन गातो की माझी टोपी राजाच्या टोपीहून झकास. राजाला राग येतो. शिपाई टोपी हिसकावून नेतात. उंदीर रडत बसत नाही, पळूनही जात नाही. गाण्याचे शब्द तेवढे बदलतो. आता गाण्यातला राजा भिकारी झालेला असतो, उंदराच्या टोपीवर डोळा ठेवणारा. भरल्या दरबारात हे ऐकवेना म्हणून राजा टोपी परत फेकतो, तर उंदीर तिसऱ्यांदा शब्द बदलतो: राजा घाबरला!

मराठी घरांत ही गोष्ट अगदी बोबड्या वयापासून सांगितली जाते आणि सांगणारा बहुधा ती गमतीची म्हणूनच सांगतो. बंगालीत उपेंद्रकिशोर राय चौधुरींनी १९१० साली ‘टुनटुनीर बोई’ नावाचा लोककथांचा संग्रह काढला. त्यातही ही गोष्ट आहे, फक्त उंदराच्या जागी टुनटुनी, म्हणजे आपला शिंपी पक्षी. राजाच्या वाळत घातलेल्या नाण्यांतलं एक नाणं ती घरट्यात नेते आणि राजाच्या घरी जे धन तेच माझ्याही घरी, असं गात सुटते. पुढचा क्रम तोच. नाणं जप्त होतं, गाणं उलटतं, नाणं परत येतं, गाणं पुन्हा उलटतं. राजाजवळ शिपाई आहेत, तुरुंग आहे. उंदराजवळ आणि टुनटुनीजवळ आवाज आहे आणि ऐकायला गोळा झालेली माणसं आहेत. दांडग्याचं बळ लोकांच्या नजरेवर किती अवलंबून असतं हे या गोष्टीइतक्या थोडक्यात मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

पण गोष्टीचा पूर्वार्ध विसरायचा नाही. अनेक घरांत सांगतात त्याप्रमाणे धोबी, रंगारी आणि शिंपी हे तिघेही आधी नाही म्हणतात. तेव्हा उंदीर त्यांना काय सांगतो? राजाच्या शिपायांना बोलावीन, तुम्हाला मार देववीन आणि उभा राहून मजा बघीन. म्हणजे ज्या राजाला तो पुढे भिकारी ठरवतो, त्याच राजाच्या नावाने त्याने आधी तीन गरीब कारागिरांना दम भरलेला असतो. गोष्ट ऐकताना एका मुलीने मध्येच विचारलं होतं, “शिंप्याला पैसे दिले का त्याने?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, गोष्टीकडेही नाही. ज्याला एकीकडे मार बसतो तो दुसरीकडे हात उगारतो, हे वर्गात रोज दिसतं. त्यामुळे ही गोष्ट साफसूफ करून, उंदराला गोडगोजिरा करून सांगायचा मोह मी आवरला आहे. पुढे येणाऱ्या या गोष्टींच्या संग्रहात ती धमकीसकट आहे आणि संग्रहाची सुरुवात तिच्यापासूनच होते.

संग्रहातल्या गोष्टी सगळ्या जुन्या आहेत. काही पंचतंत्रातल्या, काही जातकांतल्या, काही चुलीपाशी सांगितल्या गेलेल्या. सगळ्यांत रान, शेत, पाणी, प्राणी आणि पक्षी आहेत. आणि सगळ्यांत कुणी एक जण दुसऱ्याला सुखाने जगू देत नाही. निवडताना कसोटी एकच लावली. चौथीतल्या एखाद्या मुलाला मधल्या सुट्टीत जे भोगावं लागतं त्याच्याशी या गोष्टीचा काही संबंध लागतो का?

मधल्या सुट्टीत काय चालतं ते मोठी माणसं सोयीने विसरतात. काळू, ढब्बू, बुटक्या, चष्मिष, तोतऱ्या ही नावं; डबा उघडून त्यातलं चांगलं तेवढं उचलणं; दप्तर खिडकीबाहेर लोंबवणं; “हिच्याशी कुणी बोलायचं नाही” असा फतवा. मोठ्यांच्या लेखी ही पोरांची चेष्टामस्करी असते. नॉर्वेत काम केलेल्या डॅन ऑल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात शाळेतल्या अशा छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला आणि चेष्टा कुठे संपते हे ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि देणारा नि सोसणारा यांच्या बळात तफावत असते. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगभरात जवळपास तीनातल्या एका विद्यार्थ्याने मागच्या महिन्याभरात असा त्रास सोसलेला असतो.

तिसरी खूण, बळातली तफावत, ही तर प्राणिकथेची जमीनच आहे. सिंह आणि ससा, हत्ती आणि चिमणी, समुद्र आणि टिटवी. माणसांच्या गोष्टीत कोण बलवान हे आधी समजावून सांगावं लागतं. सिंह म्हटलं की ते काम एका शब्दात होतं, आणि मुलाला त्यात स्वतःचं किंवा वर्गातल्या कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. सशाबद्दल बोलता बोलता ते स्वतःबद्दल बोलू शकतं, आणि नको वाटलं तर सशाबद्दलच बोलत राहू शकतं. शाळेतल्या छळाबद्दल थेट विचारलं की मुलं बहुतेक वेळा “काही नाही” म्हणतात, हे ज्याने विचारून पाहिलं आहे त्याला या आडोशाची किंमत कळेल.

‘कुरूप बदकाचं पिल्लू’ या संग्रहात का नाही, असं कुणी विचारील. हान्स ख्रिश्चन अँडरसनची ती गोष्ट १८४३ सालची, आणि गदिमांच्या गाण्यामुळे ती मराठीत इतकी रुजली की ती परकी आहे हेही आपण विसरलो. एक तर ती लोककथा नाही, एका लेखकाने रचलेली आहे. पण खरं कारण वेगळं. त्या पिल्लाला चिडवणारे शेवटी गप्प बसतात, कारण ते पिल्लू राजहंस निघतं. मग जे पिल्लू खरोखरच बदक असतं, आणि तेही जरा वेडंविद्रं, त्याने काय करायचं? मोठेपणी तू सुंदर होशील, हुशार निघशील, मग सगळे तुझ्यामागे येतील, असा दिलासा देताना चिडवणाऱ्यांची मोजपट्टी आपण निमूट मान्य केलेली असते. गोष्ट देखणी आहे, डोळ्यांत पाणी आणते, पण तिच्यातला स्वाभिमान उधारीचा आहे.

लोककथेतला लहान प्राणी शेवटपर्यंत लहानच राहतो. उंदीर उंदीरच असतो, ससा ससाच, भोपळ्यातली म्हातारी म्हातारीच. दातांना धार येत नाही, अंगावर चरबी चढत नाही, कुणी देव प्रसन्न होऊन सिंह बनवत नाही. (तसं झालेलं एक उदाहरण हितोपदेशात आहे. ऋषी उंदराला मांजर, मग कुत्रा, मग वाघ करतो, आणि वाघ झालेला उंदीर त्या ऋषीलाच खायला निघतो. तेव्हा ऋषी त्याला पुन्हा उंदीर करून टाकतो.) आहे त्या अंगाने, आहे त्या आवाजाने, आहे त्या सोबत्यांसह काय करता येतं एवढंच या गोष्टी विचारतात. हीच बाब मला त्यांच्यात सर्वांत मोलाची वाटते, आणि पुढच्या पानांतल्या निवडीमागेही तीच आहे.

भोपळ्यातल्या म्हातारीचंच बघा. लेकीच्या घरी निघालेली ही हडकुळी बाई रानात एकामागून एक जनावरांच्या तावडीत सापडते. कुठे कोल्हा नि वाघ, कुठे लांडगा नि अस्वल, जसं घर तसं रान. तिच्याजवळ काठीशिवाय काही नाही. ती काठी उगारत नाही, गयावयाही करत नाही. ती वेळ मागून घेते: लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, लठ्ठ होते, मग खा मला. घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही असं आपण म्हणतो. इथे घाबरलेल्या माणसाचंच डोकं चालतं. आणि परतताना ज्यात बसून ती सुटते तो भोपळा तिला कोण देतं? लेक. ही बारीकशी गोष्ट सांगताना निसटते. म्हातारी एकटीने सुटत नाही. ती घरी पोचून झालेला प्रकार सांगते आणि घर तिच्यासाठी काहीतरी करतं.

पंजाबात ही गोष्ट म्हातारीची नसून कोकराची आहे. फ्लोरा ॲनी स्टील यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंजाबच्या लोककथा इंग्रजीत आणल्या, त्यांत एक कोकरू आजीकडे निघतं, वाटेत सगळ्या जनावरांना लठ्ठ होऊन येण्याचं वचन देतं आणि परतताना ढोलात बसून गडगडत येतं. गरुड, लांडगे सगळे फसतात. शेवटी कोल्हा भेटतो. तो आवाज ओळखतो, ढोल फोडतो आणि कोकराला खाऊन टाकतो. तिथे गोष्ट संपते. हा शेवट पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पण आता वाटतं, त्या गोष्टीला आपल्या गोष्टीशेजारी जागा हवी. युक्ती दर वेळी चालत नाही हे मुलांना ठाऊक असतं. आपणच ते त्यांच्यापासून लपवत असतो. म्हणून दोन्ही रूपं लागोपाठ दिली आहेत. कोकराची गोष्ट सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलांना सांगू नये, एवढी मात्र विनंती.

सिंह आणि सशाची गोष्ट सगळ्यांना येते, म्हणून ती नीट वाचली जात नाही. पंचतंत्रात त्या सिंहाचं नाव भासुरक. तो दिसेल त्याला मारत सुटतो, तेव्हा रानातले प्राणी एकत्र येऊन त्याला भेटतात आणि तह करतात: रोज आम्हीच एक प्राणी पाठवू, तुम्ही गुहेत बसून राहा. आपण विहिरीतल्या प्रतिबिंबाकडे धावतो, पण दचकावं तर या तहापाशी. एवढे हत्ती, गवे, रानडुकरं असलेलं रान सिंहापुढे सभ्यपणे हप्ता बांधून घेतं. ज्याची पाळी आज नाही तो सुटकेचा श्वास टाकून चरायला जातो. रोज एकाने डबा द्यायचा आणि बाकीच्यांनी निश्चिंत जेवायचं, ही सोय ज्या वर्गांत चालते त्यांना हे रान ओळखीचं वाटेल. फिनलंडच्या ख्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिलं की छळ ही दोघांमधली बाब नसते. हसून साथ देणारे, मान फिरवणारे, मध्ये पडणारे अशा सगळ्या वर्गाच्या त्यात भूमिका असतात. भासुरकाच्या रानात मध्ये पडणारं कुणी नव्हतं. सशाने जे पहिलं बंड केलं ते फार लहान होतं: तो उशिरा गेला.

याच गोष्टीचं दख्खनी रूप मला अधिक आवडतं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातल्या गोष्टी सांगणारी होती तिची आया, ॲना लिबराटा डिसूझा. तिचं घराणं मूळचं लिंगायत, मग ख्रिस्ती झालेलं. गोष्टी तिला आजीकडून मिळालेल्या. पुस्तकावर नाव मेरीचं असलं तरी ॲनाची स्वतःची हकिकतही त्यात छापली आहे, हे त्या काळच्या मानाने विशेष. तिच्या गोष्टीत सिंहाने सगळं रान संपवलंय आणि उरलंय ते फक्त एक कोल्ह्याचं जोडपं. बायको घाबरून रडते आहे, नवरा तिला धीर देतो आहे. विहिरीची युक्ती तीच. पण ससा एकटा जातो. हे दोघं मिळून जातात. भीती वाटत असतानाही हात धरून जाता येतं, हे सांगायला ॲनाला एकही बोधवाक्य लागलेलं नाही.

आता बैलाची गोष्ट. माझ्या मते या संग्रहातली ही सर्वांत चांगली, आणि मराठी मुलांना सर्वांत कमी ठाऊक असलेली. जातकांत ती अठ्ठाविसावी आहे. तक्षशिलेतल्या एका ब्राह्मणाने नंदिविसाल नावाचा बैल वासरापासून पेज-भातावर वाढवलेला असतो. बैलाला वाटतं, याच्या उपकारांची फेड करावी. तो सुचवतो: गावातल्या धनिकाशी हजाराची पैज लाव, माझा बैल भरलेल्या शंभर गाड्या एकत्र ओढील. गाड्यांत वाळू, खडी, दगड भरले जातात. ब्राह्मण बैल जुंपतो, पुढे बसतो आणि आसूड उगारून ओरडतो, चल रे लबाडा, ओढ! बैल चारी पाय खांबासारखे रोवून उभा राहतो. गाड्या तसूभर हलत नाहीत. ब्राह्मण हजार हरतो आणि घरी जाऊन अंथरूण धरतो.

पुढचा प्रसंग मुलांना सावकाश वाचून दाखवावा. बैल येऊन मालकाला विचारतो: इतकी वर्षं तुमच्या घरी आहे, मी कधी एखादं मडकं फोडलं? कुणाला शिंग लावलं? नको तिथे घाण केली? नाही ना? मग लबाड का म्हणालात? चूक तुमची आहे, माझी नाही. आता दोन हजारांची पैज लावा, पण मला ते नाव देऊ नका. दुसऱ्या दिवशी ब्राह्मण पाठीवर हात फिरवून गोड बोलतो आणि शंभर गाड्या हलतात.

जातकाने यातून बोध काढला तो बोलणाऱ्यासाठी: कठोर बोलू नये. ठीक आहे. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर ही बैलाची गोष्ट आहे. त्याला नाव ठेवलं गेलं, तेही प्रेमाच्या माणसाकडून आणि चारचौघांत. तो उसळला नाही. ज्या कामासाठी नाव ठेवलं ते काम त्याने केलं नाही, एवढंच. मग वेळ पाहून तो बोलला, आणि बोलताना भांडला नाही, पुरावा मागितला. मडकं फोडलं का? शिंग लावलं का? आपल्यावर चिकटवलेलं नाव खरं आहे की नाही हे तपासायची ही रीत आठ वर्षांच्या मुलालाही जमते. “मी ढ आहे” असं म्हणत घरी येणाऱ्या मुलाला “नाही रे राजा, तू हुशार आहेस” असं सांगून फार काही साधत नाही. त्याच्यासोबत बसून गेल्या आठवड्यात त्याला काय आलं नि काय आलं नाही याची उजळणी करावी. आणि नाव ठेवणारे नेहमी वर्गातले दांडगेच असतात असंही नाही, हेही ही गोष्ट सांगून जाते. घरातली लाडाची नावं कधी कधी आयुष्यभर टोचत राहतात.

दुसऱ्या एका जातकाबद्दल मात्र मला सावधगिरीचा इशारा द्यायचा आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात रंगवलेल्या कथांमध्ये महिष जातकही आहे. बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्ध, रानरेडा आहे. एक माकड त्याच्या पाठीवर चढतं, शिंगं धरून झोके घेतं, शेपूट ओढतं, अंगावर घाण करतं, रोजचंच. झाडावरची देवता विचारते, तू एका धडकेत याला संपवू शकतोस, मग सोसतोस का? रेडा म्हणतो, मीच सोसलं नाही तर कोण सोसणार. हा दुसऱ्या कुणाच्या वाटेला जाईल तेव्हा त्याला त्याचं फळ मिळेल. तसंच होतं. एक दिवस तिथे दुसराच तापट रेडा उभा असतो. माकड सवयीने त्याच्या पाठीवर चढतं आणि जीव गमावतं.

ही गोष्ट कुणाची? बळ असून हात न उगारणाऱ्याची. तिच्यातली क्षमा खरी आहे, कारण तिच्यामागे शिंगं आहेत. पण चिडवल्या जाणाऱ्या मुलाला, ज्याच्याजवळ शिंगं नाहीत, आपण हीच गोष्ट सांगतो: दुर्लक्ष कर, मनावर घेऊ नकोस, एक दिवस त्यांना त्यांचं फळ मिळेल. त्याच्या कानी तिचा अर्थ इतकाच पडतो की गप्प बस. म्हणून ही गोष्ट वर्गातल्या धिप्पाड मुलाला सांगावी, मोठ्या भावाला सांगावी, आणि शिक्षकांनीही स्वतःसाठी एकदा वाचावी. दुबळ्याला ती सांगायची असेल तर बळातली तफावत कुणाच्या बाजूने आहे याबद्दल आधी दोन शब्द बोलावे लागतील.

टिटवीपाशी थोडं थांबतो, कारण तिथे गोष्ट आणि खरा पक्षी यांचं छान जमलं आहे. टिटवी झाडावर घरटं करत नाही. उघड्या माळावर, शेताच्या बांधाजवळ, नदीकाठच्या वाळूत नुसता खळगा करून त्यात ती अंडी घालते, बहुधा चार. गोट्यांच्या रंगाची ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कुत्रा, गाय, माणूस कुणीही जवळ आलं की नर-मादी कलकलाट करत डोक्यावर झेपा घेतात. एवढुसा पक्षी म्हशीच्या तोंडासमोर पंख पसरून उभा ठाकतो. टिटवीने यंदा अंडी उंचावर घातली की खोलगट जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधणारे शेतकरी आपल्याकडे अजून आहेत. अशा पक्ष्याची निवड पंचतंत्राच्या कर्त्याने उगीच केली नसेल.

गोष्टीत समुद्र टिटवीची अंडी ओढून नेतो. त्याला वाटतं, हिचा नवरा फार फुशारक्या मारतो, बघू काय करतो ते. नर चोचीने समुद्र उपसायला लागतो. इथे मुलं हसतात, हसू द्यावं. पंचतंत्रालाही तो थोडा हास्यास्पद वाटतोच; आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणारा पक्षी, अशी त्याची टर त्याच कथेत उडवलेली आहे. पण नंतर तो इतर पक्ष्यांना बोलावतो. तेही समजतात की हे आपल्याच्याने होणार नाही, आणि सगळे मिळून गरुडाकडे जातात. गरुड विष्णूकडे जातो. विष्णूचा बाण रोखलेला बघून समुद्र अंडी परत देतो. वर्गात ज्याला चुगली म्हणून हिणवलं जातं ते इथे चार पायऱ्यांनी घडतं, आणि कुणीही टिटवीला चहाडखोर म्हणत नाही. त्या जोडप्याने आधी स्वतः प्रयत्न केला, मग बरोबरीच्यांना सांगितलं, त्यांना झेपलं नाही तेव्हा मोठ्यांना सांगितलं. त्या मोठ्यानेही आपल्याहून मोठ्याला सांगितलं. गरुड जर म्हणाला असता की “अगं, समुद्राने गंमत केली असेल,” तर गोष्ट तिथेच संपली असती.

चिऊ-काऊची गोष्ट ठेवावी की गाळावी यावर बराच विचार केला. मराठी मूल ऐकतं ती पहिली गोष्ट बहुधा हीच. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी येतो, आणि ती बाळाची अंघोळ, बाळाचं काजळ, बाळाचं जेवण अशी एकेक सबब सांगत त्याला बाहेर ताटकळत ठेवते. सांगणाऱ्याचा सगळा जीव चिमणीच्या बाजूला असतो. कावळा काळा, आळशी, त्याचं घर शेणाचं. म्हणून त्याने भिजावं. काही घरांत तर आत घेतल्यावरही त्याला चटका बसतो आणि सगळे हसतात. वाळीत टाकण्याचा इतका गोड पाठ दुसरा नसेल. वर्गातली सावळी मुलगी ही गोष्ट ऐकते तेव्हा ती चिमणीच्या घरात नसते.

खऱ्या कावळ्यावर तर हा उघड अन्याय आहे. तो काटक्यांचं, कधी तारांचंही, चांगलं मजबूत घरटं बांधतो. इतकं की कोकिळा आपली अंडी बिनधास्त त्याच्या हवाली करते आणि तो ती पिल्लं वाढवतो. कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, घुबड अभद्र ही नावं माणसाने ठेवलेली आहेत आणि त्यांचा त्या प्राण्यांशी काडीचा संबंध नाही. निसर्गाच्या गोष्टी सांगताना या टोपणनावांची सवय मुलांना लावणारे आपणच असतो. म्हणून चिऊ-काऊची गोष्ट ठेवली, आहे तशीच ठेवली, पण तिच्याखाली दोन ओळी कावळ्याविषयी छापल्या आहेत आणि सांगणाऱ्याला विनंती केली आहे की चिमणीने पहिल्यांदा “थांब” म्हटल्यावर मुलांना विचारावं, आता कावळ्याला कसं वाटत असेल? उत्तर द्यायची घाई करू नये.

गोष्टींखाली तात्पर्य दिलेलं नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला तेव्हापासून आपल्याकडच्या बालशिक्षणात हा आग्रह आहे की गोष्ट आधी आनंदासाठी असते. गिजुभाईंनी तर गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर अख्खं पुस्तक लिहिलं. तरी शाळेच्या पुस्तकांतून तात्पर्याची चौकट काही गेली नाही. तात्पर्य वाचलं की मूल गोष्टीतून बाहेर पडतं. आता आपल्याला शिकवलं जातंय हे त्याला कळतं.

आणि गोष्टींकडून फार मोठी अपेक्षाही करू नये. स्वतःविषयी चांगलं वाटलं की मुलाचं सगळं सुरळीत होईल, हा समज गेल्या शतकाच्या अखेरीस फार पसरला होता. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली त्याबद्दलच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा या समजाला फारसा आधार सापडला नाही. दांडगाई करणारी मुलं आतून खचलेली असतात हेही नेहमी खरं नसतं, त्यांतल्या कित्येकांना स्वतःबद्दल झकास वाटत असतं. भासुरकाला न्यूनगंड नव्हता. शाळेत छळ चालू असेल तर तो थांबवणं हे शिक्षकांचं आणि आईवडिलांचं काम आहे. रोज संध्याकाळी सशाची गोष्ट सांगून ते सशावर ढकलता येणार नाही.

शेवटची गोष्ट हत्तीची. पिसाळलेला हत्ती फांदी मोडतो, चिमणीची अंडी फुटतात. ती सुतार पक्ष्याकडे जाते, तो माशीला बोलावतो, माशी बेडकाला. माशी हत्तीच्या कानाशी गुणगुणून त्याला गुंगवते, सुतार डोळे फोडतो, तहानलेला आंधळा हत्ती बेडकाच्या आवाजाला पाणी समजून खड्ड्यात कोसळतो. जातकात चिमणीऐवजी लावी आहे आणि सुताराऐवजी कावळा. तिथे आधी बोधिसत्त्व हत्तींच्या कळपाचा नायक म्हणून येतो आणि लावीची पिल्लं पायाखाली येऊ नयेत म्हणून कळप पुढे जाईपर्यंत त्यांच्यावर उभा राहतो. चिरडतो तो मागून आलेला एकटा हत्ती. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात भरहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर कारागिरांनी ही कथा दगडात कोरली, इतकी ती लोकांच्या मनात होती. ती भीषण आहे. सूड पुरा होतो आणि कुणालाच अंडी परत मिळत नाहीत. गाळावी असं दोघा-तिघांनी सुचवलं. मी जातकातलं रूप घेतलं आहे, कारण त्यात थांबणारा हत्तीही आहे. ही गोष्ट दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे, आणि मुलांना देण्याआधी मोठ्यांनी ती एकदा स्वतः वाचावी.